चाळीस डॉलर, तीन वेळा: हक आणि जिमची दोस्ती कशी वाचावी

मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' ही कादंबरी वाचताना समोर नकाशा ठेवला की पहिलाच प्रश्न पडतो. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला मिसूरी, तिथे गुलामगिरी कायदेशीर. पूर्वेला इलिनॉय, तिथे ती नाही. मालकिणीच्या, म्हणजे मिस वॉटसनच्या, घरून पळालेला गुलाम जिम ज्या बेटावर लपतो ते तर इलिनॉयच्याच काठाला खेटून आहे. मग हा माणूस पलीकडे उतरून सरळ चालू का लागत नाही? हक या गोऱ्या मुलासोबत तराफ्यावर बसून दक्षिणेला, म्हणजे गुलामगिरीच्या आणखी पोटात का वाहत जातो?

उत्तर कायद्यात आहे. इलिनॉयमध्ये गुलामगिरी नव्हती याचा अर्थ तिथे काळा माणूस मोकळा होता असा नाही. आपण मुक्त असल्याचा कागद जवळ नसेल तर त्याला फरारी समजून अटक होई, जाहिरात दिली जाई, आणि मालक उगवेपर्यंत त्याला मजुरीला जुंपलं जाई. शिवाय 1793 पासून केंद्राचा कायदा होता: पळालेला गुलाम कुठल्याही राज्यात सापडला तरी मालकाला परत मिळणार, आणि त्याला लपवणाऱ्याला 500 डॉलर दंड. 1850 मध्ये हाच दंड 1000 डॉलर झाला, वर सहा महिने कैद. कादंबरीतला काळ साधारण 1835 ते 1845 मधला, म्हणजे पहिला कायदा लागू. बक्षिसाच्या आशेने फिरणारे लोक दोन्ही काठांवर असायचे. जिमवर 300 डॉलर लागलेले असतात.

म्हणून बेत असा ठरतो: नदीने केरोपर्यंत जायचं. (स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचं, पण तिथले लोक केरो म्हणतात.) तिथे पूर्वेकडून येणारी ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. तराफा विकायचा, आगबोटीचं तिकीट काढायचं आणि ओहायोतून वरच्या अंगाला मुक्त राज्यांत खोलवर शिरायचं. कथेतलं गाव म्हणजे लेखकाचं हॅनिबल. तिथून केरो नदीच्या वाटेने सुमारे पाचशे किलोमीटर. प्रवास फक्त रात्री, सात-आठ तास. हकच्या म्हणण्याप्रमाणे प्रवाहाचा वेग ताशी चार मैलांहून थोडा जास्त. म्हणजे एका रात्रीत तीसेक मैल, आणि दहा-बारा रात्रींचं काम. तराफा बारा फूट रुंद, पंधरा-सोळा फूट लांब, पाण्यावर जेमतेम सहा-सात इंच. मधोमध फळ्यांची झोपडी. तराफ्याला वल्ही असली तरी प्रवाहाच्या विरुद्ध तो हलत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवायची. केरो एकदा मागे पडलं की परतायला होडी हवी. पुढे तेच होतं: धुक्यात केरो निघून जातं, काठालगत ओहायोचं स्वच्छ आणि पलीकडे मिसिसिपीचं गढूळ पाणी दिसलं तेव्हा त्यांच्या लक्षात येतं, आणि त्याच सुमाराला होडी हरवते. त्यानंतरचा प्रत्येक मैल जिमला स्वातंत्र्यापासून लांब नेतो. पुस्तकाच्या उत्तरार्धात विनोद चालू असताना हे अंतर वाढतंय, हे विसरलं तर अर्धी गोष्ट हातून जाते.

आता पुस्तक वाचताना सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. गोष्ट हक सांगतो. वय तेरा-चौदा, बाप दारूडा (त्याच्याच तावडीतून हक पळालाय), शाळा जेमतेम. हा मुलगा गुलामगिरीच्या विरोधात नाही. त्याला ती सूर्य उगवण्याइतकी साधी बाब वाटते. मिस वॉटसनने त्याचं काही वाईट केलेलं नाही, तिने त्याला वाचायला शिकवायची खटपट केली, आणि आपण तिची 'मालमत्ता' पळवतोय, ही चोरी आहे, असं तो मनापासून मानतो. दक्षिणेतल्या बऱ्याच चर्चमध्ये बायबलचे दाखले देऊन गुलामगिरीचं समर्थन होई. त्यामुळे हकच्या डोक्यात कायदा, शेजारधर्म आणि देव, तिघे एकाच बाजूला उभे आहेत. जिमच्या बाजूला फक्त जिम आहे.

लेखकाने 1895 मध्ये, जगभरच्या व्याख्यानांच्या दौऱ्याच्या सुमारास, आपल्या वहीत या पुस्तकाबद्दल लिहून ठेवलं: धडधाकट हृदय आणि वाकडी झालेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते, आणि विवेक हरतो. उलट वाटतं ना? आपण नेहमी 'आतला आवाज ऐक' म्हणतो. इथे आतला आवाजच गावाने भरलेला आहे. हक चांगलं काम करतो ते आतला आवाज न ऐकल्यामुळे, आणि आपण चांगलं काम केलं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. हकच्या वाक्याला लेखकाचं मत समजून वाचलं की पुस्तक उलटं होतं. त्याचं वाक्य आणि त्याची कृती यांत जी फट आहे, तिच्यात लेखक उभा आहे.

सोळाव्या प्रकरणातला एक प्रसंग या दृष्टीने अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. केरो आता आलंच अशा समजुतीत जिम मोठ्याने बेत आखतोय: मुक्त झालो की एकही सेंट खर्च करणार नाही, पैसे साठवून आधी बायकोला विकत घेईन, मग दोघं राबून पोरांना सोडवू, आणि पोरांचा मालक विकायला तयार नसला तर कुणाला तरी सांगून चोरून आणू. हे ऐकून हकला घाम फुटतो. स्वतःची पोरं चोरायची भाषा! तीही अशा मालकाची, ज्याने हकचं कधी वाकडं केलं नाही. या वाक्यावर हसू येतं आणि लगेच अडकतं. हक ठरवतो, काठावर जायचं आणि सांगून टाकायचं.

जिम काय करतो? होडी तयार करतो, हकला बसायला मऊ पडावं म्हणून आपला जुना कोट होडीच्या तळाशी अंथरतो आणि वल्हं त्याच्या हातात देतो. ज्या होडीतून हक त्याला पकडून द्यायला निघालाय, त्या होडीत. होडी सुटते तेव्हा तो ओरडून सांगतो की हक हा त्याला आजवर लाभलेला सगळ्यात चांगला दोस्त, आणि आता तर एकुलता एक. जिमला हकचा डाव कळलाय का? पुस्तक सांगत नाही. जिमला माणसं चांगली कळतात हे मात्र आपण तोवर पाहिलेलं असतं, त्यामुळे तो भोळेपणाने बोलतोय असं धरून चालायचं कारण नाही.

जेमतेम पन्नास यार्ड होतात तोच बंदुका घेतलेले दोघे भेटतात. रात्री पाच गुलाम पळालेत, तुझ्या तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा? हकच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग म्हणतो, गोरा. ते म्हणतात, आम्हीच बघतो. इथे हकची हुशारी बघा. तो 'नका येऊ' म्हणत नाही. तो म्हणतो, या की, तिथे माझा बाप आजारी आहे, तराफा काठाला ओढायला मदत करा, मी सांगितलं की सगळे निघूनच जातात. बापाला काय झालंय हे तो सांगत नाही. न सांगितल्यामुळे ते स्वतःच ताडतात: देवीचा रोग! आणि मागे सरकतात. वर मनाची टोचणी शमवायला एका फळीवर वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवून ती हकच्या दिशेने तरंगत सोडतात. हात लावायचं भय, म्हणून फळी. चाळीस डॉलर. हा आकडा लक्षात असू द्या.

यात शौर्य आहे का? तलवार नाही, घोषणा नाही. एक खोटं आहे, आणि ते बोलणाऱ्याला नंतर अपराधी वाटतं. हक हिशेब करतो: सांगून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं का? नसतं. मग बरोबर वागण्यात फायदा काय? यापुढे जे सोयीचं पडेल ते करायचं, असं ठरवून तो विषय मिटवतो.

दोस्ती मात्र या प्रसंगात झालेली नाही. ती एक प्रकरण आधीच झाली, आणि तिची सुरुवात माफीने झाली. धुक्यात हक होडीत आणि जिम तराफ्यावर असे दोघे ताटातूट होऊन रात्रभर भरकटतात. थकलेला जिम गुडघ्यांत डोकं घालून झोपलेला असताना हक गुपचूप परत येतो आणि त्याला सांगतो, मी कुठे गेलोच नव्हतो, तुला स्वप्न पडलं. जिम विश्वास ठेवतो, त्या स्वप्नाचा अर्थसुद्धा लावतो. मग हक तराफ्यावर साचलेला पालापाचोळा आणि मोडलेलं वल्हं दाखवून विचारतो, याचा काय अर्थ? जिम त्या कचऱ्याकडे बघतो, हककडे बघतो, आणि म्हणतो: तो कचरा आहे ना, तसलाच कचरा म्हणजे दोस्ताच्या डोक्यात माती घालून त्याला लाजवणारी माणसं. एवढं बोलून आत निघून जातो.

त्या काळात काळ्या गुलामाने गोऱ्या मुलाला 'कचरा' म्हणणं ही जिवावरची गोष्ट होती. पुस्तकातलं पहिलं खरं धाडस कुणाचं, तर या वाक्याचं. हकला जाऊन माफी मागायला पंधरा मिनिटं लागतात. वेळ त्यानेच सांगितलाय. 'एका काळ्यापुढे' वाकायला मन तयार करायला पाव तास. पण वाकतो, आणि त्याचा पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही असंही सांगतो. त्याआधी हकची एक खोडी जिमच्या अंगाशी आलेलीच होती: जिमच्या घोंगडीवर मेलेला साप ठेवला, जोडीचा जिवंत साप तिथे आला आणि जिमला चावला, चार दिवस आणि चार रात्री तो आडवा पडून होता. तेव्हा हकने फक्त मेलेले साप लांब फेकून आपली चूक झाकली, कबूल केली नाही. त्या गप्प बसण्यापासून या पंधरा मिनिटांपर्यंतचं अंतर म्हणजे पुस्तकाचा पूर्वार्ध.

एकतिसाव्या प्रकरणातला पत्राचा प्रसंग सगळ्यांत गाजलेला, आणि उगाच नाही. तराफ्यावर चढून बसलेल्या दोन भामट्यांपैकी एक जण जिमला विकतो. खरं तर जिमला नाही, त्याच्यावरच्या बक्षिसातला आपला हक्क विकतो. किंमत चाळीस डॉलर. हीच ती दुसरी वेळ. हक मिस वॉटसनला पत्र लिहितो: तुमचा जिम अमुक ठिकाणी आहे. लिहिल्यावर त्याला पापमुक्त, हलकं वाटतं. मग पत्र खाली ठेवून तो आठवायला लागतो. माझी पहाऱ्याची पाळी आली तरी मला न उठवता स्वतःच जागत बसलेला जिम. धुक्यातून परत आल्यावर आनंदलेला जिम. 'एकुलता एक दोस्त' म्हणालेला जिम. एकही युक्तिवाद नाही, नुसत्या आठवणी. पत्र हातात घेऊन थोडा वेळ श्वास रोखतो आणि म्हणतो, ठीक आहे, मग जातो मी नरकात, आणि पत्र फाडतो.

हे वाक्य मराठीत 'गेलं खड्ड्यात' अशा चालीवर वाचलं तर बिघडतं. हकला नरक खरा वाटतो. मिस वॉटसनने त्याला तिथल्या आगीचं वर्णन करून ठेवलंय. तो अनंतकाळची शिक्षा स्वीकारतोय, आणि ती आपल्याला मिळणं न्याय्यच आहे असंही त्याला वाटतं.

पण लगेच पुढच्या प्रकरणात लेखक आपल्याला हकच्या आरतीपासून रोखतो. जिमला जिथे कोंडलंय त्या फेल्प्सच्या शेतावर तो पोचतो, आणि तिथली बाई त्याला आपला भाचा समजते. उशीर का झाला? आगबोटीचा एक भाग फुटला. कुणाला लागलं का? नाही बाई, एक काळा मेला. त्यावर ती भली बाई: नशीब, नाहीतर कधीकधी माणसांना लागतं. हकने हे वाक्य थाप म्हणून मारलं की सवयीने, दोन्ही अर्थ लागतात, आणि दोन्ही अर्थ भयंकर आहेत. एका जिमसाठी नरकात जायला निघालेला मुलगा काळ्या माणसांबद्दल बोलताना अजून गावाच्याच भाषेत बोलतो. दोस्ती झाली म्हणजे डोकं धुऊन निघालं असं नाही.

या वाक्यातल्या मूळ शब्दासाठी मराठीत नेमका पर्याय मिळत नाही. पुस्तकात तो दोनशेहून जास्त वेळा येतो. 'निग्रो' लिहिलं तर सरकारी तक्त्यातला शब्द वाटतो, 'काळा' लिहिलं तर नुसतं वर्णन. मूळ शब्द शिवी आहे, आणि ती गावातली सज्जन, प्रार्थना करणारी माणसं गोड आवाजात वापरतात. मुद्दा त्या गोड आवाजात आहे.

लेखकाला हा आवाज कुठून माहीत होता याचा एक धागा मुंबईत सापडतो. जानेवारी 1896 मध्ये मार्क ट्वेन व्याख्यान-दौऱ्यात मुंबईला आला. हॉटेलच्या खोलीत सामान लावून घेताना एका धिप्पाड जर्मन माणसाने काही न बोलता तिथल्या नोकराच्या कानशिलात भडकावली, आणि नोकराने ती मुकाट सोसली. ट्वेनने लिहिलंय की असलं दृश्य आपण पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि क्षणात आपण मिसूरीतल्या लहानपणी जाऊन पोचलो. त्याचे वडील स्वभावाने दयाळू, मुलावर क्वचितच हात टाकणारे. पण घरच्या लुइस नावाच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकांसाठी चापट ठरलेली. लहानपणी ते त्याला अगदी स्वाभाविक वाटायचं. वाकडी सदसद्विवेकबुद्धी म्हणतात ती हीच.

दुसरा धागा जोतीराव फुल्यांचा. 1873 च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या सज्जनांना आहे, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवायला स्वार्थ बाजूला ठेवला. पुण्यातून पाहताना गुलामगिरी बंद करणारी 1865 ची घटनादुरुस्ती हा आदर्श होता, आणि तो योग्यच होता. पण 'गुलामगिरी'नंतर तीनच वर्षांनी, 1876 मध्ये, ट्वेनने ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा तिकडे माघार सुरू झालेली होती. 1877 मध्ये दक्षिणेतल्या राज्यांमधून केंद्राच्या सैन्याचं संरक्षण उठलं. 1883 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1875 चा नागरी हक्क कायदा मोडीत काढला. पुस्तक पुरं झालं ते त्याच 1883 मध्ये, आणि अमेरिकेत छापून आलं 1885 मध्ये. कागदावर मुक्त झालेली माणसं पुन्हा बांधली जात होती, तेव्हा.

हे माहीत असलं की 43 पैकी शेवटच्या बारा प्रकरणांचा त्रास थोडा समजतो. त्रास आहेच. कादंबरीकार हेमिंग्वेने 1935 मध्ये सरळ सांगितलं की जिम चोरला जातो तिथे वाचणं थांबवा. हकचा गावाकडचा दोस्त टॉम सॉयर येतो आणि शेडमध्ये कोंडलेल्या जिमच्या सुटकेचा खेळ मांडतो. पुस्तकांत वाचलंय तसं हवं म्हणून टेबलसुऱ्यांनी जमीन खणायची, कैद्याच्या सोबतीला उंदीर, साप आणि कोळी आणायचे, शर्टावर रक्ताने रोजनिशी लिहायची. जिमची साखळी पलंगाच्या पायात अडकवलेली आहे. पलंग उचलला की निघते. एका रात्री धार लावायचा जड दगड शेडपर्यंत ढकलत आणताना दोन्ही पोरं दमतात, तेव्हा जिम पलंग उचलून साखळी काढतो, गळ्याभोवती गुंडाळतो, भोकातून बाहेर येतो, दगड ढकलायला हात लावतो. आणि परत आत जाऊन बसतो. गोरी मुलं आहेत, आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळत असणार, असं त्याने मनाशी धरलेलं असतं.

आणि टॉमला पहिल्यापासून माहीत असतं की जिम मुक्तच आहे. मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वी वारली, मृत्युपत्रात त्याला मोकळं करून गेली. मोकळ्या माणसाला मोकळं करण्याचा हा तमाशा. लांबला आहे, विनोद जागोजागी रेंगाळतो, संपादकाने कात्री लावायला हवी होती. पण 1883 च्या अमेरिकेकडे बघत वाचलं तर तो नुसता पोरखेळ राहत नाही.

याच भागात पुस्तकातलं सगळ्यात मोठं शौर्य घडतं आणि ते जिमचं आहे. पळताना टॉमच्या पोटरीत गोळी लागते. जिमपुढे वाट मोकळी आहे. तो म्हणतो, डॉक्टर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही. डॉक्टर आला की आपण सापडणार हे कळत असूनही तो लपलेल्या जागेतून बाहेर येऊन डॉक्टरला मदत करतो. हकने आपल्या आत्म्याची पैज लावली होती, जिमने हातात आलेलं स्वातंत्र्य दिलं. नंतर जमावातले काही जण त्याला फाशी द्या म्हणतात, आणि बाकीचे थांबवतात ते का? मालक येऊन भरपाई मागेल म्हणून. डॉक्टर त्याची बाजू घेतो तीही बाजारभावाने: असा गुलाम हजार डॉलरचा आहे, आणि त्याला नीट वागवायला हवं.

शेवटच्या प्रकरणात तिसऱ्यांदा चाळीस डॉलर येतात. इतका शहाण्यासारखा कैदी झाला म्हणून टॉम ते जिमला देतो आणि जिम खुलतो. मग हक म्हणतो, बापाने माझे पैसे एव्हाना पिऊन टाकले असतील. टॉम सांगतो, नाही, सहा हजार डॉलर आणि वर थोडे, सगळे शाबूत आहेत. तेव्हा जिम गंभीरपणे सांगतो, तो आता परत येणार नाही. पुरात वाहत आलेल्या त्या घरात एक प्रेत होतं, मी तोंड झाकलं आणि तुला बघू दिलं नाही, आठवतं? तो तुझा बाप. पोराला बापाचा मुडदा दिसू नये म्हणून जिमने झाकलं, हे खरं. बाप मेल्याचं कळलं असतं तर हकला पळायचं कारण उरलं नसतं आणि जिम एकटा पडला असता, हेही खरं. जिमने काहीच समजावून सांगितलं नाही आणि हकनेही विचारलं नाही.

हकच्या नावावर सहा हजार, टॉमच्या नावावर तेवढेच. मिस वॉटसनला जिमसाठी मिळणार होते 800. जिमच्या खिशात चाळीस. बायको, जॉनी आणि एलिझाबेथ अजून मिसूरीतच आहेत, दुसऱ्यांच्या मालकीचे. त्यांचं नाव शेवटच्या प्रकरणात कुणीच काढत नाही.